साकवांना रंग लावण्याआधी : किनारपट्टीच्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता, उपअभियंता आणि शाखा अभियंता,
जिल्हा परिषद बांधकाम विभाग व सार्वजनिक बांधकाम विभाग,
पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे किनारपट्टीचे सर्व जिल्हे.

विषय : लोखंडी साकव, कठडे आणि जेट्ट्यांच्या रंगकामाची अंदाजपत्रके बदलण्याबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

मार्चअखेर जवळ आली की कोकणातल्या साकवांवर, म्हणजे ओढ्या-नाल्यांवरच्या छोट्या पादचारी पुलांवर, रंगाचे डबे उघडतात. कठडे पिवळेजर्द किंवा निळे होतात, देयके निघतात, आणि गणपतीला चाकरमानी गावी येईपर्यंत त्याच कठड्यांच्या जोडांतून तांबूस ओघळ उतरू लागलेले असतात. पुढच्या अंदाजपत्रकात पुन्हा तीच बाब, तेच क्षेत्रफळ आणि रंगाचे तेच ‘दोन हात’ येतात. एवढ्या पावसात रंग टिकणार कसा, असे उत्तर कार्यालयांतून सहज मिळते आणि गावकऱ्यांनाही ते पटलेले आहे. त्या उत्तराला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. रंग इतक्या लवकर सुटतो त्यात पावसाचा वाटा लहान आहे. आपण रंगाखाली काय ठेवतो, रंग कधी लावतो आणि कामाचे मोजमाप कशाने करतो यांचा वाटा फार मोठा आहे, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या अधिकारातल्या आहेत.

लोखंडी बांधकामांवरील रंगकामाची तपासणी हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय. धक्के, टाक्या, कारखान्यांचे सांगाडे यांच्यावर मी काम केले, पण साकवाचा विषय मला त्या सर्वांहून जवळचा वाटतो, कारण पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, वाडीला पावसाळ्यात बहुधा दुसरी वाट नसते. शाळेची मुले, डोक्यावर भारा घेतलेल्या बायका, आजारी माणसाला उचलून आणणारे चौघे, सगळे त्याच पट्ट्यांवरून जातात आणि त्याच कठड्याला धरतात. १५ जून २०२५ रोजी मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला आणि चौघांचा जीव गेला. त्या दिवशी पुलावर फार गर्दी होती हे खरे आहे. परंतु जुन्या लोखंडात भार पेलण्याची किती ताकद उरली आहे, हा प्रश्न राज्यातल्या प्रत्येक लोखंडी साकवाला विचारावा लागेल, आणि ती ताकद वर्षानुवर्षे खाणारी गोष्ट मुख्यतः गंज हीच आहे.

रंगाचा पापुद्रा लोखंडाला पाण्यापासून पुरता तोडतो, ही समजूत आधी बाजूला ठेवली पाहिजे. कितीही महागाचा रंग असला तरी पाण्याची वाफ आणि प्राणवायू तो थोडाथोडा आत सोडतोच. चांगले रंगकाम टिकते ते मुख्यतः पापुद्रा धातूला घट्ट चिकटून राहिल्यामुळे; दोघांच्या मध्ये जागाच नसेल तर आत आलेल्या ओलाव्याला साठायला ठिकाण मिळत नाही. ही पकड बिघडवण्याचे काम आपल्याकडे मीठ करते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात, लोखंडावर बसतात, वाळतात आणि मीठ मागे ठेवतात. जुन्या गंजलेल्या पृष्ठभागात बारीक खड्डे असतात आणि त्यांच्या तळाशी हे मीठ लोखंडाशी मिळून क्षारांच्या रूपात दडून राहते. मजूर तारेच्या ब्रशने घासतो तेव्हा सुटा गंज निघतो, उरलेला चकाकतो आणि लोखंड स्वच्छ झाल्यासारखे दिसते; खड्ड्याच्या तळापर्यंत ब्रशची तार पोचतच नाही. त्यावर रेड ऑक्साईड या तांबड्या तळरंगाचा एक हात आणि ऑइलपेंटचे दोन हात चढले की मीठ आत कोंडले जाते. पुढे पापुद्रा स्वतःच गाळणीचे काम करतो : बाहेरचे पाणी खाऱ्या बाजूकडे ओढले जात राहते, आणि रंगाला फोड येतात.

ऑगस्टमध्ये कुठल्याही साकवावर जाऊन असा एखादा फोड नखाने फोडून पाहावा, अशी माझी प्रत्येक शाखा अभियंत्याला विनंती आहे. आतून पाण्याचा थेंब येतो. सुटलेल्या पापुद्र्याची आतली बाजू तांबूस झालेली असते, आणि खाली लोखंडावर ओला काळपट थर दिसतो, जो हवा लागल्यावर हळूहळू तपकिरी होऊ लागतो. त्या फोडावरचा रंग तोपर्यंत चकचकीतच असतो. म्हणजे लांबून पाहणाऱ्याला कठडा नवा दिसत असताना आतले काम केव्हाच सुरू झालेले असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून तो पापुद्रा उचलतो, पोपडे पडतात, आणि त्या उघड्या कडेतून पुढचा ओलावा सरळ आत शिरतो. असा फोड आलेल्या भागावर पुढच्या वर्षी पुन्हा दोन हात मारणे म्हणजे त्याच मिठावर आणखी एक झाकण ठेवणे होय.

साकवाचा सर्वांत जास्त गंजलेला भाग कोणता, याचे उत्तर बहुतेक जण कठडा असे देतील, कारण कठडा डोळ्यांसमोर असतो. प्रत्यक्षात तळाकडून पाहिल्यावर चित्र वेगळे दिसते. धो-धो पाऊस अंगावर घेणारा वरचा भाग पावसानेच धुतला जातो आणि त्यावरचे मीठ वाहून जाते. तुळयांची खालची बाजू, अँगलचे आतले कोपरे आणि पट्ट्यांच्या पोटाकडचा भाग यांना पावसाचे पाणी धुवत नाही. तिथे मीठ साठत राहते आणि ओहोळाच्या ओलाव्याने ते भाग दिवसचे दिवस दमट राहतात. रंगारीही तिथे पोचत नाही, कारण त्यासाठी पऱ्यात उतरून परांची किंवा फळी बांधावी लागते आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात नसतात. दुसरी जागा म्हणजे खांबाचा बुंधा, जिथे लोखंड काँक्रीटमध्ये शिरते. तिथल्या बारीक फटीत पाणी आणि पाला साचतो आणि नेमक्या त्या वितभर उंचीत खांबाची जाडी निम्म्यावर आलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे, वरचा कठडा अगदी ताजा रंगवलेला असताना. तिसरी जागा कडांची. ओला रंग आपल्या पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरकतो आणि सपाट भागावर असतो त्याहून फार पातळ थर कडेवर उरतो. म्हणून गंज नेहमी अँगलच्या कडेवर, नटबोल्टांच्या डोक्यांवर आणि वेल्डिंगच्या शिवणीवर पहिल्यांदा उमटतो. यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे : कडा ग्राइंडरने किंचित गोलसर कराव्यात, आणि प्रत्येक थराआधी कडा, बोल्ट व शिवणी यांना ब्रशने वेगळा एक हात द्यावा. परंतु जो हात चौरस मीटरमध्ये मोजता येत नाही तो कंत्राटदार देत नाही, आणि त्यात त्याचा दोष काढणे मला न्याय्य वाटत नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात सांगतो. उन्हातले अतिनील किरण रंगातल्या बांधून ठेवणाऱ्या रेझिनचे तुकडे करतात, रंगद्रव्य सुटे होते, आणि कठड्यावरून हात फिरवला तर खडूसारखी भुकटी हाताला लागते. ऑइलपेंट हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो आणि वाळल्यानंतरही ती क्रिया थांबत नाही. वर्षागणिक पापुद्रा ताठ व ठिसूळ होत जातो, तर खालचे लोखंड एप्रिलच्या दुपारी तापून फुगते आणि रात्री आकसते. शेवटी तडे जातात. इपॉक्सी हा दोन घटक मिसळून लावायचा रंग लोखंडाला उत्तम धरतो आणि पाण्यालाही चांगला रोखतो, पण उन्हात तोही लवकर भुकटतो, म्हणून त्याच्या वर उन्हाला टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा एक थर लागतो. दर्शनी एकच रंग निवडून त्याचे हात वाढवत राहण्यापेक्षा तळाचा, मधला आणि वरचा असे वेगवेगळी कामे करणारे थर का लागतात, याचे कारण हे आहे.

आता नव्या साकवांविषयी. अलीकडे काही ठिकाणी जस्ताचा मुलामा दिलेले, म्हणजे गॅल्वनाइज्ड लोखंड वापरले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या जाड लोखंडावर साधारण ८५ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसतो, आणि पाइपाच्या आतल्या बाजूलाही बसतो, जिथे कुठलाही ब्रश जाऊ शकत नाही. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. हवेच्या गंजकतेचे वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात किनाऱ्यावरच्या तीव्र गंजक हवेला सी-५ हा वर्ग आहे. तिथे जस्त वर्षाला सुमारे ४ ते ८ मायक्रॉन झिजते, तर उघडे लोखंड पहिल्याच वर्षात ८० ते २०० मायक्रॉन. या हिशेबाने समुद्राला लागून असलेल्या साकवावरही जस्ताचा थर दहा ते वीस वर्षे काम देतो आणि आतल्या गावांत त्याहून पुष्कळ जास्त. मात्र या चांगल्या कामाचे आपण दोन प्रकारे नुकसान करतो. जागेवर नेऊन वेल्डिंग केले की त्या शिवणीजवळचे जस्त जळून जाते. म्हणून भाग बोल्टने जोडता येतील असेच आराखडे असावेत आणि वेल्डिंग टाळता येत नसेल तिथे ती जागा घासून जस्तयुक्त रंगाने भरावी. दुसरे नुकसान शोभेपायी होते. गावच्या आग्रहाखातर राखाडी जस्तावर थेट ऑइलपेंट मारला जातो. ऑइलपेंटमधल्या तेलाची जस्ताशी क्रिया होऊन दोघांच्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो, आणि वर्ष-दोन वर्षांत रंग अख्ख्या सालीसारखा निघून येतो. जस्त रंगवायचेच असेल तर त्यासाठीचे वेगळे प्रायमर, म्हणजे तळाचा रंग, मिळते, ते वापरावे. न रंगवलेले जस्त हळूहळू निस्तेज राखाडी होते, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्यावर एक संरक्षक पापुद्रा धरतो. ते निस्तेजपण म्हणजे खराबी नव्हे, हे सरपंचांना समजावून सांगण्याचे काम आपल्या अभियंत्यांनीच केले पाहिजे.

रंगकामाच्या वेळेबद्दल मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना, किंवा लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त नसताना रंग लावू नये, हा या व्यवसायातला जगभर पाळला जाणारा नियम आहे, कारण अशा वेळी लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा पापुद्रा आधीच धरलेला असू शकतो. निधी मार्चमध्ये सुटतो आणि काम एप्रिल-मेमध्ये उरकले जाते. तेव्हा खारे वारे जोरात असतात, लोखंडावर पावसाने न धुतलेले महिनोन्‌महिन्यांचे मीठ असते आणि रंग पुरता पिकण्याआधीच मृग लागतो. याउलट पावसाळ्यात सगळे वरवरचे मीठ धुऊन गेलेले असते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा कोरडी होते. त्या महिन्यांत सकाळी दव असते, म्हणून दहाच्या सुमारास लोखंड हाताला कोरडे आणि कोमट लागल्यावर काम सुरू करून दुपारी चारला थांबवावे. आर्थिक वर्षाचा शेवट आपल्याला हलवता येणार नाही, हे मी जाणतो. पण प्रशासकीय मान्यता आणि निविदा पावसाळ्यातच पूर्ण करून कार्यादेश दिवाळीनंतर देणे अशक्य नाही. देयक तरीही मार्चआधीच निघेल.

दुर्गम वाडीत कंप्रेसर आणि सँडब्लास्टिंगची, म्हणजे वाळूच्या माऱ्याने लोखंड साफ करणारी, यंत्रे नेता येत नाहीत, ही अडचण खरी आहे आणि पुस्तकी उपाय सांगून ती सुटत नाही. म्हणून जुन्या साकवांसाठी मला व्यवहार्य वाटणारा क्रम असा आहे. आधी भरपूर गोड्या पाण्याने आणि ताठ ब्रशने सगळे लोखंड धुवावे, खालच्या बाजूसह. ओहोळ भरतीच्या खाऱ्या पाण्याच्या हद्दीत असेल तर त्यातले पाणी वापरू नये, वरून पिंपात आणावे. धुण्यासाठी खाडीचे पाणी वापरलेले मी स्वतः पाहिले आहे. मग जनरेटरवर चालणाऱ्या ग्राइंडरने व फिरत्या तारेच्या चकतीने गंज आणि पोपडे काढावेत, पुन्हा धुवावे, वाळवावे आणि मिठाची तपासणी करणारी साधी पट्टी लावून पाहावी. मीठ उरलेले आढळले तर पुन्हा धुवावे. त्यानंतर हाताने साफ केलेल्या लोखंडाला चालणारे इपॉक्सी प्रायमर लावावे. कुणी जस्तयुक्त महागडे प्रायमर सुचवील, पण ते सँडब्लास्टिंग केलेल्या लोखंडाशिवाय काम करत नाही. हाताने घासलेल्या गंजावर ते लावणे म्हणजे पैसा पऱ्यात सोडणे. एक गोष्ट इथेच नोंदवतो : फार जुन्या थरांमध्ये शिसे असण्याचा संभव असतो. ते खरवडताना खाली ताडपत्री बांधून चुरा गोळा करावा, आणि मजुरांना साधे फडके न देता योग्य मास्क द्यावेत. त्याच पऱ्याच्या खालच्या अंगाला विहिरी असतात आणि गुरे पाणी पितात.

हे सगळे होण्यासाठी मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले जाते ते बदलावे लागेल. ‘घासून साफ करून रंगाचे दोन हात’ अशी एकत्रित बाब असते, दर चौरस मीटरवर असतो आणि तपासणी डोळ्यांनी होते. डोळ्यांना फक्त रंगछटा कळते. ऑइलपेंटचा एक हात वाळून सुमारे २५ ते ३० मायक्रॉन भरतो, म्हणजे तिन्ही हात मिळूनही माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा फार जास्त होत नाहीत. सी-५ हवेत दीर्घकाळ टिकणाऱ्या थरांची एकूण जाडी २५० ते ३०० मायक्रॉनच्या घरात लागते. त्यातच थिनर जास्त घातला गेला तर झाकले गेल्यासारखे दिसते आणि जाडी आणखी घटते. वाळलेल्या थराची जाडी मोजणारे चुंबकीय यंत्र खिशात मावते आणि प्रत्येक उपविभागाने एक घ्यावे इतपत ते परवडते. माझे म्हणणे असे की पृष्ठभागाची तयारी ही स्वतंत्र बाब असावी आणि तिचे पैसे रंगाइतकेच, बहुधा रंगाहून जास्त असावेत. तयारी झाल्यावर शाखा अभियंत्याने पाहून सही केल्याशिवाय पहिला थर चढू नये. प्रत्येक थराची जाडी निदान कडा, खालची बाजू आणि बुंधा या तीन ठिकाणी मोजून पुस्तिकेत लिहावी. आणि रंगकामाचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, किमान तीन पावसाळ्यांचा ठेवावा. एका पावसाळ्यात वाईट काम लपू शकते, तिसऱ्यापर्यंत ते लपत नाही.

खर्च वाढेल, हे मी नाकारत नाही. पण पूर्वी ज्या पुलाचे रंगकाम कधी संपतच नाही असे म्हटले जाई, त्या स्कॉटलंडमधल्या फोर्थ रेल्वे पुलाने हाच निर्णय घेतला. १८९० मध्ये सुरू झालेला हा पूल खाडीवर उभा आहे. त्यावरचे जुने थर मूळ धातूपर्यंत काढून काचेच्या पापुद्र्यांचे मिश्रण असलेला इपॉक्सीचा थर आणि वर पॉलियुरेथेन अशी योजना केली गेली. २०११ मध्ये ते काम संपले तेव्हा ते निदान २५ वर्षे टिकेल असा अंदाज सांगितला गेला. आपले साकव त्या पुलापुढे फार लहान आहेत, म्हणून एकेक साकव नीट करणे आपल्याला तुलनेने सोपेच जाईल. पाच वर्षांत दर वर्षी दोन हात देण्याऐवजी एकदाच नीट काम झाले, तर एकूण खर्च कमीच राहील असे माझे मत आहे, आणि ते आपल्याच जुन्या देयकांवरून पडताळता येईल.

माझ्या शब्दावर विसंबण्याचीही गरज नाही. कारैकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था तमिळनाडूच्या मंडपम किनाऱ्यावर रंगवलेले नमुने हवेत ठेवून असाच अभ्यास करते. आपल्या राज्यात अंबरनाथला नौदलासाठी काम करणारी सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत रंगतंत्र शिकवले जाते. त्यांच्या मार्गदर्शनाने प्रत्येक तालुक्यात एक साधा प्रयोग करता येईल. हातभर लांबीच्या लोखंडी पट्ट्या घेऊन काहींवर सध्याच्या पद्धतीने, काहींवर धुऊन इपॉक्सी-पॉलियुरेथेनचे थर द्यावेत, काही जस्तात बुडवून घ्याव्यात, प्रत्येकीवर धातूपर्यंत जाणारी एक फुली कोरावी आणि त्या साकवाच्या कठड्यालाच बांधून ठेवाव्यात. फुलीपासून गंज पापुद्र्याखाली किती मिलिमीटर सरकला, हे दर दिवाळीला पट्टीने मोजावे. खर्च नाममात्र येईल, आणि त्या तालुक्याच्या हवेत कोणता थर कसा वागतो याचा आकडा आपल्या कार्यालयात आपल्याच हातचा असेल.

येत्या पावसाळ्याआधी कुठलेही नवे रंगकाम मंजूर करू नये आणि तो निधी नोव्हेंबरच्या कामांसाठी राखून ठेवावा, ही माझी पहिली मागणी. जे साकव पुढचा पावसाळा काढतील की नाही अशी शंका आहे, तिथे मात्र रंगाचा विचारच न करता आधी बुंध्यांची आणि तुळयांची उरलेली जाडी मोजावी व भार पेलत नसेल तर वाहतूक थांबवून पर्यायी वाट द्यावी. जाडी मोजण्याचे, मिठाची तपासणी करण्याचे आणि शाखा अभियंत्यांना ही पद्धत प्रत्यक्ष साकवावर दाखवण्याचे काम मी विनामोबदला करायला तयार आहे. साधने माझ्याकडे आहेत, प्रवास मी माझ्या खर्चाने करीन. कोणत्याही उपविभागाने तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
किनारपट्टीवरचा एक निवृत्त रंगकाम तपासनीस